कुकरमधला कॅमेरा आणि पाणमांजर

तुमचा लाडका कॅमेरा माझ्याकडे ठेवून जाताना तुम्ही दोघांनी एकच अट घातली होती : ‘आजी, पाण्यापासून जप.’ आणि मी तो घेऊन थेट कोयनेच्या जलाशयात शिरले!

कारण तुम्हीच. सांगलीजवळ, माझ्या माहेरी, कृष्णेत मी पाणमांजरं पाहिली आहेत, असं फोनवर सांगितलं तर हसून म्हणालात, ‘आजी, साधी मांजरंच असतील ती. फोटो दाखव.’

कोयनेच्या जलाशयातही पाणमांजरं दिसतात आणि मेढ्याच्या पलीकडे तिथे फिरायला कॅनू, म्हणजे अरुंद, हलकी होडी भाड्याने मिळते, असं कळलं. कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीवर माझा विश्वास नाही. रबरी रिंगने घट्ट बंद होणारी वस्तू घरात एकच, तीन लिटरचा कुकर. शिट्टीच्या भोकात कणीक लिंपली, आत कागद ठेवला आणि कुकर तासभर बादलीत दाबून बुडवला. कागद कोरडा! वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं.

होडीवाल्याने कुकर पाहिला. “आजी, पुलाव हाय व्हय आत?”

“पुलाव नाही, हिचा जीव आहे,” तुमचे आजोबा म्हणाले.

आजोबा पुढे, मी मध्ये, होडीवाला मागे. एका वळणावर तो कुजबुजला, “आवं आजी, त्ये बगा!” काठालगत तीन तपकिरी डोकी! मी घाईने कुकरचं झाकण फिरवलं. खण्ण! तिन्ही डोकी गडप.

“अगं, जेवायला बोलावलंस का त्यांना?” आजोबा म्हणाले.

आता कॅमेरा आत ठेवला तर फोटो नाही, बाहेर काढला तर तुमच्या अटीचं काय? वारा सुटला होता, लाटा उडत होत्या. मी कॅमेरा काढला, पट्टा गळ्यात घातला, वरून पदर घेतला आणि दोघांना वल्ही थांबवायला लावली.

आणि अगदी हाताच्या अंतरावर एक वर आलं! तोंडात मासा, मिशांवरून पाणी निथळतंय, आणि कराकरा चावणं चाललेलं. मी बटण दाबतच राहिले. तेवढ्यात आजोबा बघायला वळले, होडी कलली आणि पाणी भस्सकन आत आलं.

“कॅमेरा वर धरा, आजी!” होडीवाला ओरडला. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तशीच पाण्यात बसून राहिले. होडी सावरली. साडी कमरेपर्यंत चिंब, कॅमेऱ्यावर चार थेंब. ते पदराच्या कोरड्या टोकाने लगेच टिपले. कॅमेरा उत्तम चालतो, घरी येऊन दोनदा तपासला.

सोबतचा फोटो मोठा करून बघा. माशाचं शेपूट अजून तोंडाबाहेर आहे. आता हसा!