जाळ्यात राहिलेला सिंह

सिंह आणि उंदराच्या गोष्टीत शेवटी काय होतं, हे कोणालाही विचारा. उंदीर जाळं कुरतडतो आणि सिंह सुटतो, असंच सगळे सांगतील. आमच्या गल्लीत वाढलेला माणूस मात्र आधी हसेल, मग जरा घुटमळेल. आमचा सिंह सुटला नव्हता. निदान बरीच वर्षं तरी नाही. आणि याला जबाबदार कात्रीकाका.

कात्रीकाकांचं सलून गल्लीच्या तोंडाशी होतं. एक खुर्ची, समोरासमोर दोन आरसे, खिळ्याला लटकवलेला वस्तऱ्याचा चामडी पट्टा आणि भिंतीलगत एक बाक. खोली इतकी अरुंद की बाकावर बसणाऱ्याला पाय पोटाशी घ्यावे लागत. बाकीचे दिवस मोठ्यांचे, रविवारची सकाळ मुलांची. मूल आलं की काका खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकत, मुलाला उचलून फळीवर बसवत, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळत, हात तेवढे बाहेर काढत आणि मांडीवर पुस्तक ठेवत.

"वाच," म्हणत. "मान खाली. पान मी सांगेन तेव्हा उलटायचं."

पुस्तक एकच होतं, प्राण्यांच्या गोष्टींचं. त्याला पावडरचा वास यायचा आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात कोणाचे ना कोणाचे केस असायचे. जो भराभर वाचे त्याचे केस भराभर होत. जो अडखळे त्याच्यापाशी काकांची कात्रीही अडखळे. कोणी रुसून गप्प बसलं तर कात्रीही गप्प. आमच्या समोरच्या घरातला ढब्बू एकदा कासवापाशी अडला, हट्टाला पेटला आणि अर्ध्या डोक्यानिशी घरी गेला. त्याच्या आईने कान धरून परत आणला, तेव्हा काकांनी बोट नेमकं त्याच ओळीवर ठेवलं.

तात्पर्य या प्रकाराचा मला लहानपणापासून राग आहे. गोष्ट छान रंगलेली असते आणि शेवटी कोणीतरी दारात उभं राहून चपला नीट काढा म्हणून सांगतं. काका तात्पर्य वाचू द्यायचे, पण त्यावर त्यांचं स्वतःचं वेगळं असायचं. शेपूट तुटलेला कोल्हा बाकीच्या कोल्ह्यांना शेपट्या कापा म्हणतो, तिथे ते म्हणत, "एकाची हजामत बिघडली की तो सगळ्या गल्लीला तीच फॅशन सांगत सुटतो." लग्नासाठी नखं कापून घेणाऱ्या सिंहाची गोष्ट आली की सिंहाला सोडून ते कापणाऱ्यालाच बोल लावत. "घरी विचारून आलास का, एवढं तरी त्याने विचारायला नको?"

आणि मग यायची ती गोष्ट. सिंह उंदराला पकडतो, उंदीर गयावया करतो, सिंह हसून त्याला सोडून देतो. पुढे सिंह जाळ्यात अडकतो. डरकाळ्या फोडतो. पानाच्या तळाशी शेवटची ओळ अशी होती: 'ती डरकाळी ऐकून उंदीर धावत आला आणि'. आणि समोरच्या पानावर, अगदी वर: 'वर पाहून म्हणाला, जाऊ दे, नाहीतरी ही द्राक्षं आंबटच असणार. आणि तो आपल्या वाटेने निघून गेला.'

झालं काय होतं, तर काका वस्तऱ्यावरचा फेस पुसायला रद्दीचे कागद घेत. अशाच एका गठ्ठ्यात हे पुस्तक आलं. एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल राहिलेला, हाताशी कागद नाही, म्हणून काकांनी न बघता मधलं एक पान फाडलं आणि फेस पुसला. दुसरं फाडायला गेले तेव्हा त्यांना चित्र दिसलं आणि हात थांबला. पुस्तक बचावलं, पण सिंहाची सुटका आणि कोल्ह्याच्या गोष्टीची सुरुवात फेसाबरोबर कचऱ्यात गेली होती.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्यासाठी छापलेलं ते खरं. उंदीर भलताच कृतघ्न निघाला आणि सिंह अजून जाळ्यात होता. प्रत्येक पोर डोकं खाली घालून विचारायचं, "काका, मग सिंहाचं काय झालं?"

"अडकलाय बिचारा," काका म्हणत. "काढायचा कसा, ते तूच सांग."

झाली आमची पंचाईत. पुढचे केस कापेपर्यंत आम्ही त्याच विचारात. ढब्बूचं म्हणणं, कासवाने जाळं सिंहासकट ओढत नदीवर न्यावं, म्हणजे दोर कुजेल. कासव निघालंय, पोचलेलं नाही, असं तो वर्षभर सांगत होता. मी सुचवलं होतं की गाढवाने वाघाचं कातडं पांघरून पारध्याला घाबरवावं. कोणी म्हणे, सिंहाने काही खाऊच नये, बारीक व्हावं आणि भोकातून निसटावं. काका प्रत्येकाचं ऐकून घेत, त्यात एखादी खोट काढत आणि मानेवर पावडरचा ब्रश फिरवून म्हणत, "बघ अजून विचार करून. मग ये."

काकांना मूलबाळ नव्हतं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. काकू आतल्या खोलीतून रविवारी उगाच दहा वेळा बाहेर डोकावत, बाकावर किती पोरं बसलीत ते बघत आणि आत जात.

मग शाळेत परीक्षा आली. 'सिंह आणि उंदीर ही गोष्ट लिहा.' आमच्या गल्लीतल्या तमाम पोरांनी सिंहाला जाळ्यात ठेवून उंदराला द्राक्षांखाली उभं केलं. बाईंना वाटलं, सगळे एका माळेचे मणी, एकमेकांचं बघून लिहिलंय. त्यांनी भर वर्गात आमची बिनपाण्याने केली. शेवटी ढब्बू उठून म्हणाला, "बाई, पुस्तकात तसंच आहे. सलूनच्या."

रविवारी बाई सलूनमध्ये हजर. पाय पोटाशी घेऊन बाकावर बसल्या आणि फळीवरच्या पोराचं वाचन ऐकत राहिल्या. द्राक्षं आली तेव्हा त्यांनी रुमाल तोंडाला लावला. निघताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला खरा शेवट माहीत नाही?"

"माहीत आहे की," काका म्हणाले.

"मग मुलांना सांगत का नाही?"

"सांगितला की संपली गोष्ट. मग कशाला येतील?"

बाईंनी समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे नवीन सलून झालं होतं. काचेचं दार, फिरत्या खुर्च्या आणि मुलांसाठी टीव्हीवर दिवसभर कार्टून. काकांचं रविवारचं बाक रिकामं होऊ नये म्हणून जे काही होतं ते एवढंच, एक सिंह.

बाई वाईट नव्हत्या. पण पुस्तक पूर्ण असावं, असं वाटणारी माणसं असतात, त्यांतल्या त्या. दुसऱ्या दिवशी त्याच पुस्तकाची आपली न फाटलेली प्रत आणून त्यांनी काकांच्या हातात ठेवली. काकांनी दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले आणि ती आरशाखालच्या पावडरच्या डब्यांमागे सारून दिली. वर्गात बाईंनी आम्हाला खरा शेवट फळ्यावर लिहून दिला. आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केला. म्हणजे शाळेतला सिंह सुटला, सलूनमधला राहिला, आणि यात कोणालाच काही गैर वाटलं नाही.

गैर वाटलं ते माझ्या धाकट्या भावाला. तो तेव्हा नुकताच अक्षर लावून वाचायला लागला होता. एका रविवारी फळीवर बसून, बोट फिरवत, घाम गाळत त्याने ती गोष्ट पहिल्यांदा स्वतः वाचली. तोवर तो ती नुसती बाकावरून ऐकायचा. त्या दिवशी दुपारी जेवताना त्याने विचारलं, "सिंह जेवला असेल?"

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धं ताट बाजूला ठेवलं. पुढे पुढे घास घ्यायचा आणि थांबायचा. सिंहाने बारीक व्हावं म्हणणाऱ्या पोराशी त्याची मारामारी झाली. आईने दटावलं, गोंजारलं. मी शंभरदा सांगितलं की अरे, उंदीर येतो, जाळं कुरतडतो, सिंह सुटतो. बाबांनी सांगितलं. तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "पुस्तकात आहे का?" नुकतंच वाचायला लागलेल्या माणसाचा छापील अक्षरावर जेवढा विश्वास असतो तेवढा पुढे आयुष्यात कशावरच राहत नाही. आम्ही तोंडी सांगत होतो, आणि सिंह तर छापील जाळ्यात होता.

महिना झाला तरी हेच. पोराचे गाल बसले. केस वाढले तेव्हा आई त्याला घेऊन सलूनमध्ये गेली, मीही मागोमाग. काकांनी फळी टाकली, त्याला उचललं आणि उचलतानाच जरा थबकले. मग कापड गुंडाळलं. नेहमी जिथे गाठ यायची तिथे ते आलं नाही, मानेभोवती अजून अर्धा वळसा गेलं.

"आजारी होता का?" त्यांनी विचारलं.

"आजारी कसला," आई म्हणाली. "तुमच्या सिंहापायी जेवत नाही पोर. तुम्हीच काय ते बघा आता."

काकांनी त्या दिवशी त्याच्या मांडीवर पुस्तक ठेवलंच नाही. नुसते केस कापले. मी आरशात बघत होते. त्यांची नजर दोनदा पावडरच्या डब्यांकडे गेली, आणि एकदा रस्त्यापलीकडे. बाकावर पोरं वाट बघत बसली होती. काकांनी ब्रश फिरवला, त्याला खाली उतरवलं आणि म्हणाले, "पुढचा."

मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येईपर्यंत मी बडबडत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी, आम्ही जेवायला बसत असताना, दारात काका. कात्रीकाकांना सलूनबाहेर मी कधी पाहिलंच नव्हतं. उभा माणूस खुर्चीमागे नसला की केवढा लहान दिसतो. कंगवा कानामागे तसाच होता, हातात बाईंचं पुस्तक. बाबा या या म्हणत उठले. काका सरळ येऊन धाकट्यापुढे जमिनीवर बसले.

"हे दुसरं आहे," म्हणाले. "यात पान आहे."

आणि त्यांनी वाचलं. इतकी वर्षं ऐकलेल्या माणसाला वाचायची सवय नव्हती, तेही बोट फिरवत वाचत होते. उंदीर धावत आला आणि दोर कुरतडू लागला. एक दोर तुटला, मग दुसरा. शेवटच्या ओळीला त्यांनी पुस्तक फिरवून धाकट्यापुढे धरलं. त्याने अक्षर लावून वाचलं: 'सिंह मोकळा झाला.' परत एकदा वाचलं. पुढचं पान उलटून पाहिलं, सिंह पुन्हा कुठे अडकत तर नाही ना म्हणून.

"मग आधी का नाही दाखवलं?" त्याने विचारलं.

आई त्याला गप्प करणार होती. काका म्हणाले, "तुम्ही सगळे यावेत म्हणून, बाळा. सुटला म्हटल्यावर कोण येणार?"

धाकट्याने थोडा विचार केला. "मी आलो असतो," म्हणाला, आणि ताट पुढे ओढलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने शाळाभर सांगितलं की सलूनमधला सिंह पण सुटला, मी स्वतः वाचलं. ढब्बूने आपलं कासव वाटेतूनच परत बोलावलं. काकांनीही मग आढेवेढे घेतले नाहीत, जुनं पुस्तक काढून टाकलं आणि मांडीवर नवं ठेवायला लागले. आणि त्यांना जी भीती होती तेच झालं. वर्षभरात बाकावर आडवे पाय पसरून बसण्याइतकी जागा झाली. पोरं काचेच्या दाराआड कार्टून बघत केस कापून घेऊ लागली. मीही मोठी झाले, कानाखाली आखूड केस मला नकोसे झाले. काकू पूर्वीसारख्याच डोकावत आणि लगेच आत जात.

धाकट्याचं लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आमच्या घराण्याची रीत अशी की पुरुषांच्या डोक्यावर तिशीनंतर काही टिकत नाही. बाबांचं टिकलं नाही, त्याचं तर मुळीच नाही. कानांवर दोन झुपके आणि वर लखलखाट. तरी महिन्यातून एक रविवार तो दोन बस बदलून जातो. त्याची बायको म्हणते, "अहो, तिथे जाऊन कापून तरी काय घेता?" तो म्हणतो, "वाढलेत जरा."

परवा मी त्याच्याबरोबर गेले. काका खूप थकलेत. नजर अधू झाली आहे. बाकावर मी एकटीच होते. काकांनी कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं, हाताने चाचपून डोकं सरळ केलं आणि कात्री चालवायला लागले. त्यांची कात्री त्याच्या टकलापासून चांगली वीतभर वर चालत होती. तिचा आवाज तेवढा पूर्वीचाच होता. धाकट्याने मान खाली घातली होती. आत काकूंच्या हातातल्या कपबश्या वाजल्या आणि त्या डोकावून गेल्या.

बऱ्याच वेळाने काका थांबले. कापडावरचे नसलेले केस ब्रशने झाडले आणि त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "एवढे पुरे?"

"नाही काका," धाकटा म्हणाला. "अजून थोडे कमी करा."