मोडक्या पाट्याचा नमुना

मिस्त्रीला खोटं बोलता येत नाही, असं सगळ्या गल्लीचं मत होतं. गाडीत दम उरला नसेल तर तो मालकाच्या तोंडावर सांगायचा, "भंगारात घाला आता, उगाच माझं डोकं खाऊ नका." लोक त्याच्या शिव्या खायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याच गॅरेजात यायचे. पण या सरळ माणसाने उभ्या आयुष्यात एक खोटं बोलून ठेवलं होतं, तेही सख्ख्या थोरल्या भावाबद्दल. बावीस वर्षं ते त्याच्या पोटात होतं. फार लांबलचकही नव्हतं हो, चारच शब्दांचं होतं. "लोड जास्त झाला असेल."

झालं होतं असं. दादाकडे, म्हणजे मिस्त्रीच्या या थोरल्या भावाकडे, एक निळी पिकअप होती. गोल नाकाची, जुन्या घडणीची, दादाने घेतली तेव्हाच तिला बनवणारी कंपनी बंद पडायला टेकली होती. शेताशेतांतून बटाट्याची पोती गोळा करायची आणि बाजारात पोचवायची, हा दादाचा धंदा. वीस पोत्यांची गाडी, दादा अठराच्या वर भरायचा नाही. एकदा मागच्या फळीची कडी तुटली म्हणून तो गाडी घेऊन गॅरेजात आला आणि हॉर्न वाजवत बसला, "आटप रे, शेतकरी खोळंबलेत!"

वेल्डिंगच्या मशीनला दोन वायरी असतात. एक हातातल्या कांडीला, दुसऱ्या वायरीच्या टोकाला चिमटा. त्याला म्हणायचं अर्थिंगचा चिमटा. तो गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा. त्या दिवशी गाडी चिखलाने माखलेली, कडीजवळ रंगाचा जाड थर. खरडून साफ करायला पाच मिनिटं लागली असती. हाताशी उघडं, चकचकीत असं एकच लोखंड होतं, मागच्या चाकावरचा पाटा. गाडीचा सगळा भार ज्या कमानीसारख्या पोलादी पट्ट्यांवर तोललेला असतो, ते पाटे. मिस्त्रीच्या उस्तादाने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "पाट्याला चिमटा लावलास तर हात तोडीन." कारण चिमट्यापाशी ठिणगी उडते, आणि पाणी देऊन कडक केलेलं ते पोलाद तेवढ्याच ठिकाणी काचेसारखं ठिसूळ होतं. दिसायला काही नाही, तिळाएवढा काळा डाग. पुढे कधीतरी पाटा नेमका तिथेच तुटतो. मिस्त्रीला हे पाठ होतं. तरी त्याने चिमटा पाट्याला लावला, चट्‌ आवाजही ऐकला, कडी जोडली आणि दादाला म्हणाला, "जा, सुटलास."

दोन महिन्यांनी पुलाआधीच्या उतारावर पाटा तुटला, चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. दादाचा उजवा पाय खुब्यापासून चेचला. पोती फुटून बटाटे ओढ्यात गेले, उरलेले येणाऱ्याजाणाऱ्यांनी पिशव्या भरभरून नेले. मिस्त्रीने गाडी ओढून आणली, तुटलेल्या पाट्यावरचा चिखल फडक्याने पुसला, आणि त्याला तो डाग दिसला.  तसाच तो हॉस्पिटलात पोचला. बाहेर नातेवाईक, व्यापारी, शेतकरी, सगळा गोतावळा जमलेला. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही जाणते. पाटा तुटला कसा?" आणि त्याच्या तोंडून ते चार शब्द निघून गेले.

जाणत्या माणसाने सांगितलं, तेही सख्ख्या भावाने. मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत अठराची पंचवीस पोती झाली, आठवड्यात तीस. दादा पलंगावरून सांगायचा, "अहो, अठराच होती." लोक म्हणायचे, "जाऊ द्या दादा, जीव वाचला हे काय कमी आहे?" काही महिन्यांनी दादाने अठरा म्हणायचं सोडलं. पाय दोन बोटं आखूड झाला, हातात काठी आली, धंदा बसला. पिकअप त्याच्या घरामागे लाकडी ठोकळ्यांवर चढली ती चढलीच.

अशी बावीस वर्षं गेली. मिस्त्रीने भावाचं सगळं केलं. औषधं आणली, घराचं छत दुरुस्त केलं, पुतणीच्या शाळेच्या खेपा घातल्या. लोक म्हणायचे भाऊ असावा तर असा. हे ऐकलं की मिस्त्रीला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

या पुतणीला घरात पोपट म्हणत, कारण लहानपणापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिने आता रोपांची नर्सरी काढली होती. एक दिवस ती गॅरेजात येऊन म्हणाली, "काका, बाबांची पिकअप चालू करू या. मी तिच्यातून कुंड्या नेईन. आणि बाबांना एकदा तरी तिच्यात बसवायचंय. ते नाही म्हणतात, पण रोज खिडकीतून तिच्याकडे बघत बसतात."

मिस्त्री नाही कसा म्हणणार? चार महिने खपून त्याने इंजिन उघडलं, गंज काढला, ब्रेक नवे केले, पोपटने स्वतः घासूनपुसून निळा रंग दिला. राहिले फक्त मागचे पाटे.

"जुने कुठे गेले?" तिने विचारलं.

"भंगारात दिले."

अर्धं खरं होतं. चांगल्या बाजूचे पाटे त्याने खरंच भंगारात दिले होते. मोडलेला मुख्य पाटा मात्र दोन तुकड्यांत, गोणपाटात बांधून, गॅरेजच्या माळ्यावर जुन्या टायरांमागे पडला होता. दोनदा त्याने तो भंगारवाल्याच्या दारापर्यंत नेला आणि दोन्ही वेळा परत आणला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग सुरू झाली पाट्यांची शोधमोहीम. पहिल्या भंगारवाल्याकडचे पाटे निघाले अरुंद. दुसऱ्याकडचे इतके रुंद की पोपट म्हणाली, "काका, याच्यावर ट्रेन उभी राहील." तिसऱ्याकडचे मारूनमुटकून बसले, पण गाडीचा मागचा भाग हातभर वर गेला आणि नाक जमिनीकडे. दादा काठी टेकत बाहेर आला, बघून खो खो हसला. "कुणाच्या पाया पडतेय रे ही?" फार दिवसांनी तो असा हसला होता. हसणं थांबल्यावर गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत तो लेकीला म्हणाला, "एक ऐक माझं. दहा कुंड्यांची जागा असेल तर आठच भर. माणसाला हाव सुटली की हाताला मोजमाप राहत नाही. मी किती भरली ते माझं मलाच कळलं नाही बघ."

मिस्त्री गाडीखाली होता. त्याने पाना उगाच दोनदा फिरवला आणि बाहेर यायला बराच वेळ लावला.

शेवटी ते दोघे एका पाटेवाल्याकडे गेले. भट्टीत तापवून हातोड्याने पाटे घडवणारा म्हातारा, कानाने अधू पण नजरेने घार. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "गाडीवरून माप घेऊन उपयोग नाही. या जुन्या गाड्यांचा मधला बोल्ट बरोबर मध्ये नसतो, कुठे बोटभर पुढे, कुठे मागे. तिथे चुकलं की चाक वाकडं बसतं. मूळ पाटा आणा. मोडका चालेल, तुकडे चालतील. नमुन्याशिवाय मी भट्टी पेटवत नाही."

बाहेर आल्यावर पोपट म्हणाली, "काका, एखादा तुकडा तरी राहिला असेल की कुठे? तुमच्या माळ्यावर चढून बघू का मी?"

"नाही म्हटलं ना एकदा!" मिस्त्री खेकसला. "कळत नाही का?"

पोपट गप्प झाली. ती गप्प झालेली त्याने पहिल्यांदाच पाहिली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. घरी जाताना त्याच्या मनात आलं, बरंच झालं. पाटे मिळाले नाहीत, विषय संपला, पाप झाकलेलं राहिलं. आणि असं मनात आलं म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली.

दोन दिवसांनी पोपटचा फोन आला. "काका, बाबा म्हणतात विकून टाक भंगारात. म्हणतात, त्या गाडीची काही चूक नव्हती, माझी होती. उद्या माणूस येतोय बघायला."

मिस्त्रीने फोन ठेवला, शिडी लावली आणि माळ्यावरून गोणपाट खाली काढलं.

पाटेवाल्याने दोन्ही तुकडे जोडून फळीवर ठेवले, माप घेतलं, खडूने खुणा केल्या. मग तुटलेली कड उजेडात धरली आणि अंगठा एका जागी थांबवला. "इथे चिमटा लावला होता कुणीतरी. कोण हा गाढव?"

"मीच तो."

बावीस वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं, ते परक्या माणसापुढे सहज निघालं. मग त्याला राहवेना. त्याने सगळं सांगितलं, हॉस्पिटलच्या दारातल्या चार शब्दांसकट. पाटेवाल्याने कानामागे हात धरून सगळं ऐकलं. "झालं सांगून?" तो म्हणाला. "पण मला सांगून काय उपयोग? लंगडतो तो काही मी नाही. पाटे आठवड्यात मिळतील. हे तुकडे घेऊन जा, माझं माप झालंय."

दुपारचे तीन वाजले असतील. दादा दारापुढच्या खुर्चीत बसला होता. मागच्या अंगाला पोपट रोपांना पाणी घालत होती, पाइपाचा आवाज येत होता. मिस्त्रीने गोणपाट सोडलं आणि दोन्ही तुकडे दादाच्या मांडीवर ठेवले.

"हे काय?"

"आपला पाटा. त्या दिवशीचा. भंगारात दिला नव्हता मी." मिस्त्रीने दादाचं बोट धरून त्या डागावर ठेवलं, लहानपणी दादा त्याचं बोट पाटीवरच्या अक्षरावर ठेवायचा तसं. "कडी जोडली ना तुझी, तेव्हा चिमटा इथे लावला मी. लावायचा नसतो. माहीत होतं मला. यानेच तुटला तो. भाराने नाही."

 दादाचा अंगठा त्या डागावरून पुढेमागे फिरत राहिला.

"तुला कधी दिसलं हे?"

"त्याच दिवशी सकाळी. हॉस्पिटलात यायच्या आधी."

"आधी." दादाने मान हलवली. "म्हणजे माहीत असताना बोललास."

"हो."

मिस्त्री वाट बघत होता. काठी अंगावर आली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. पण दादा रस्त्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने शब्द ऐकू यायला लागले. "विहिरीवाल्याची सात. जुळ्या भावांची पाच. मास्तरांची सहा." तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, "सात, पाच, सहा. अठराच होतात रे."

"अठराच होती, दादा."

"वर्षभर रोज मोजली मी पडल्या पडल्या. दर वेळी अठराच यायची. मग वाटलं, तू खोटं बोलणार नाहीस, तेव्हा मीच स्वतःला फसवतोय. मोजायचं सोडलं. मग कशावरच भरवसा राहिला नाही. दार लावलं का, औषध घेतलं का, सगळं पोरीला विचारायचो." दादाने आखूड पायावर हात ठेवला. "पायाचं काही नाही. पाय काय, असाही गेला असता कुठेतरी. पण माझी अठरा पोती तू नेलीस की रे."

मिस्त्री खाली जमिनीवरच बसला. त्याला रडू फुटलं, आणि दादाने त्याच्या पाठीवर हातबीत काही ठेवला नाही. ठेवायला हवा होता असं मिस्त्रीलाही वाटलं नाही. तो रडतोय तेवढा वेळ दादा तुकडे मांडीवर धरून नुसता बसून राहिला. मग त्याने काठी जमिनीवर आपटली.

"पोपट! पाणी बंद कर आणि इकडे ये. तुझ्या काकाला काही सांगायचंय."

पाइपाचा आवाज थांबला. पोपट ओल्या हातांनी आली, जमिनीवर बसलेल्या काकाकडे आणि बापाच्या मांडीवरच्या लोखंडाकडे बघत उभी राहिली.

"सांग," दादा म्हणाला. "किती पोती होती?"

"अठरा," मिस्त्री म्हणाला.

"मोठ्याने सांग. तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं."