सासूची अंघोळ

कारखान्यात तिला सगळ्या जणी घाईताई म्हणायच्या. डबा उभ्या उभ्या खायची, सुटीची घंटा व्हायच्या आत चपला पायात. आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायचो. मी बाह्या, ती कॉलर. तिची गोष्ट तिनं मला मशीनच्या खडखडाटातच सांगितली, तुकड्या-तुकड्यानं.

लग्नाआधी ती रोज सकाळी वडिलांशेजारी डोळे मिटून बसायची. वडील काही शिकवत नसत, नुसते बसत. तेवढ्यावर तिचा दिवस हलका जायचा. लग्नानंतर ते सुटलं. सासू कडक. भाजी चिरली तर जाड चिरली, बसली तर आळशी. नवरा मात्र देवाचा माणूस. दर आठवड्याला प्रार्थना मंडळात जायचा आणि शांत चेहऱ्यानं घरी येऊन विचारायचा, "जेवायला काय आहे?"

मग सासूला अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "बस". पाणी पुरे झालं तरी बस, जवळ बसायला हवं असलं तरी बस. कारखाना, स्वयंपाक आणि वर हे अंथरूण. घाईताई पार मेटाकुटीला आली.

"अहो, एखाद्या आठवड्यात तुम्ही आईंजवळ थांबा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "मी जाते मंडळात. घटकाभर बसेन."

"अगं, त्यासाठी तिथं कशाला जायला हवं?" नवरा समजुतीनं म्हणाला. "परवाच वक्त्यांनी सांगितलं, घरातल्या कामातच प्रार्थना शोधा."

"मग तुम्हीच शोधा की आज. मोरीत भांडी पडलीत."

तो हसला आणि चपला घालून गेला.

तिनं खरंच करून पाहिलं. भांडं घासताना देवाचं नाव घ्यायचं ठरवलं. "दोन पातेली होईस्तोवर देव टिकला," ती मला म्हणाली, "तिसऱ्यापासून नवऱ्याचाच उद्धार सुरू." आम्ही दोघी इतक्या हसलो की मुकादम उठून आला.

एके सकाळी सासूला अंघोळ घालताना पाणी फार कढत झालं. म्हातारी किंचाळली आणि चांगल्या हातानं तिच्या तोंडात मारली. घाईताई तशीच उभी राहिली. रागानं तांब्या आपटावा असं वाटत होतं. पण म्हातारीचा मारलेला हात परत गेलाच नाही. तो तिच्या गालावर फिरला, मग मनगटावर येऊन थांबला. "बस," सासू म्हणाली. ही ओल्या फरशीवर बसली. कितीतरी वेळ दोघी काहीच न करता बसून राहिल्या. तिच्या ध्यानात आलं, वडिलांशेजारी वाटायचं ते हेच.

त्यानंतर ती सकाळ तिची झाली. पाणी बेतानं कोमट करायची, पाठ हळू चोळायची, केस पुसायची आणि मग दोघी बसायच्या. देवाचं नाव नाही, मागणं नाही. कारखान्यात ती बसून डबा खायला लागली. आम्ही चिडवलं, "काय गं, सासूवर प्रेम बसलं की काय?" ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला पुसून कोरडं केलं ना, की आपणच अंघोळ केल्यासारखं वाटतं."

हे तिनं आनंदाच्या भरात नवऱ्यालाही सांगितलं. तिथंच घात झाला.

पुढच्या बैठकीत तो उभा राहून बोलला, "आमच्या घरी आईची सेवा हीच प्रार्थना आहे." टाळ्या पडल्या. बायकोचा उल्लेख नव्हता. त्याचा थोरला भाऊही त्याच मंडळात. त्याचं दुकान, ओळखीपाळखी मोठ्या. बाहेर पडताना कुणीतरी त्याला विचारलं, "आणि तुम्ही? थोरले ना तुम्ही?"

दोनच दिवसांत तो गाडी घेऊन दारात हजर. "आईला घेऊन जातो. आमचाही काही हक्क आहे."

"भावोजी, नका नेऊ," घाईताई म्हणाली. "त्यांना माझ्या हाताची सवय झालीय."

"अगं, तुझेच कष्ट वाचतील," नवरा म्हणाला.

म्हातारीनं हिचा पदर घट्ट धरला. "बस! बस!"

"बघा," थोरला म्हणाला, "आईच म्हणतेय, बस झालं इथं."

"त्या मला जवळ बसायला सांगतायत," ही म्हणाली. कुणी ऐकलं नाही. पदर सोडवून घेतला तो नवऱ्यानं, एकेक बोट उचलून.

भेटायला गेली की जाऊबाई दारातच सांगायची, "आता डोळा लागलाय, नका उठवू." असं बरेचदा झालं. थंडीच्या शेवटी सासू गेल्याचाच निरोप आला.

शेवटची अंघोळ घालायला ही पुढे झाली. कूस वळवली आणि पाठ पाहून तिचा हात थबकला. अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा, पार हाडापर्यंत.

"अंघोळ कोण घालत होतं?"

"बाई ठेवली होती ना," जाऊबाई म्हणाली. "रोज पाणी कशाला? पुसून घ्यायची अधूनमधून."

मंडळात शोकसभा झाली. दोन्ही मुलांच्या सेवेचं कौतुक झालं. सूनबाईंनीही दोन शब्द बोलावेत, असं कुणीतरी सुचवलं. घाईताई उठली. "त्यांच्या पाठीला जखमा होत्या," ती म्हणाली. "किडे पडायचे बाकी होते." नवऱ्यानं तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना म्हणाला, "दुःखात आहे ती. सांभाळून घ्या."

पुढे त्यानं आईची खोली रंगवून घेतली. सतरंजी अंथरली, पडदे लावले. "तुला निवांत बसायचं होतं ना? ही घे, फक्त प्रार्थनेसाठी. आता वेळही आहे तुला."

ती एकदाच जाऊन बसली. डोळे मिटले की पाठ दिसायची. दुसऱ्या दिवशी तिनं जुनं शिवणयंत्र त्या खोलीत ओढत नेलं आणि शेजारपाजारच्यांचे कपडे उसवून सैल-घट्ट करून द्यायला लागली. नवऱ्यानं दारातून विचारलं, "इथं? या खोलीत?"

"हो," ती म्हणाली. "आवाज झाला की बरं वाटतं."

तो मंडळात जायला निघाला. तिनं मान वर केली नाही.