आत्याचे नेचे

आत्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातून घरी आली की खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी मागचं दार उघडायची आणि उकिडवी बसून नेच्यांच्या पानांना हाताची पालथी बाजू लावायची. वीस वर्षं गरम चादरींच्या घड्या घालून तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. पान कोरडं की ओलं, हे तिला बोटांनी कळत नसे.

मागची जागा म्हणजे दोन इमारतींमधली चार हातांची पट्टी. ऊन तिथे कधी उतरलंच नाही. आत्याने तिथे नेचेच लावले. एकाची पानं करडी, रुपेरी, मधली शीर वांगी रंगाची. दुसऱ्याची कोवळी पानं तांब्यासारखी, मग महिनाभराने हिरवी होणारी. वरच्या मजल्यावरची शिंपीण म्हणायची, ना फूल ना वास, त्यापेक्षा कोथिंबीर तरी लाव.

"कोथिंबिरीला ऊन लागतं, बाई," आत्या म्हणायची. "आम्हाला नाही लागत."

लग्न तिने केलं नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही.

थंडी सुरू झाली आणि ती आजारी पडली. ज्या इस्पितळाच्या चादरी धुतल्या, तिथेच दोन महिने पडून राहिली. मग डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. आत्याला ते न सांगताच उमगलं. तिने एवढंच म्हटलं, की तांबड्या नेच्याच्या कोवळ्या पानाची पहिली मिटलेली मूठ उलगडताना बघायला मिळाली तर बरं. थंडी सरतच आली होती.

बाबा तिचे थोरले भाऊ. पसारा त्यांना सोसत नसे. ती यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मागची पट्टी साफ केली. थंडीत या नेच्यांची पानं वाळून आडवी होतात. ती तशीच राहू द्यायची असतात, खालच्या जिवंत गड्ड्याला पांघरूण म्हणून. बाबांना दिसली ती मेलेली झाडं. त्यांनी ती मुळासकट उपटली, जमीन झाडली आणि फुलांच्या चार कुंड्या आणून मांडल्या.

खाटेवरून आत्या दाराबाहेर बघत राहिली. गड्डे कुठे टाकले, असं तिने विचारलं. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

"मला वाटलं, मेलीत," बाबा म्हणाले.

"वाटतं तसं," ती म्हणाली.

बाबांनी कुंड्या उचलून शिंपिणीला दिल्या आणि सगळी पट्टी बोटांनी उकरली. गड्ड्याचा अंगठ्याएवढा एक तुकडा सापडला. तो त्यांनी पुन्हा पुरला आणि सकाळ-दुपार तिथे जाऊन वाकू लागले. माती तशीच राहिली, सपाट.

असे अकरा दिवस गेले. अकराव्या संध्याकाळपासून आत्या बोललीच नाही. त्याच दिवशी दुपारी बाबा अनवाणीच बाहेर गेले होते. तिने आतून हाक मारली. काही मागतेय असं वाटून ते लगबगीने दाराशी आले.

"दादा, चपला घाल," ती म्हणाली. "जमीन गार आहे."