पाणकर उठून गेला

धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, आडवी चार बोटं बुडवायची आणि पाणी चौथ्या बोटाच्या वर आलं की मान न उचलता म्हणायचं, "झालं. आता खालच्याले." ही त्याची रीत. बांधी कोणाची, मालक उभा आहे की हात जोडतो आहे, ते तो बघायचा नाही. फावड्यानं तोंड बुजवायचा आणि पुढं चालायला लागायचा.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, अजून दोन बोटं राहू दे. माही बांधी उंचावर हाय."

"उंचावर हाय तं खोद. पाण्याले कायले रडून दाखवतं?"

तो आमच्या गावचा पाणकर. त्याच्या आधी त्याचा बाप. आमच्या भागात गावोगाव जुने तलाव आहेत, तुम्ही पाहिले असतील. नवेगाव बांधाचा समुद्र आहे, आमचा त्यापुढं टोपलीएवढा. पण सगळ्या गावाचा धान त्यावरच. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात दगडाचं तुडुम आहे. ते उघडलं की पाणी पाटात उतरतं. कधी उघडायचं, कोणाला किती द्यायचं, हे पाणकर सांगायचा. कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कोणाला वाटली नाही, आणि आमच्यात लिहिता येणारे किती होते? मी चौथीतून उठलेला माणूस.

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी सगळे पाळीवर जमायचे. तो पाण्याच्या पाळ्या सांगायचा. ज्याला पटलं तो बसून राहायचा. ज्याला पटलं नाही त्यानं बोलायचं नाही, भांडायचं नाही, उठून घरी जायचं. एक जरी माणूस उठून गेला तरी तुडुम उघडायचं नाही. मग पाणकर त्याच्या घरी जाणार, त्याला समजावणार, नाहीतर पाळी बदलणार.

मीही एकदा उठलो होतो, नुसत्या रागात. तो माझ्या पडवीत येऊन बसला. पाण्याचं नाव नाही. चहा पिला, बिडी ओढली, म्हशीच्या दुधाचं विचारलं, मग दुपारचा भात खाल्ला. माझी बायको म्हणाली, "भाऊ, कायले आले ते तं बोला."

"तुहा नवरा उठला होता ना? तो बोलन तवा बोलीन. मले काही घाई नाई. भाजी बरी झाली."

संध्याकाळपर्यंत मला इतकी लाज वाटली की मीच म्हटलं, चल, उघड तुडुम. बायको आठवडाभर हसत होती.

आता घाण सांगतो.

तलावाच्या वरच्या अंगाला जंगलाचा उतार आहे. पावसाचं सगळं पाणी तिथूनच तलावात येतं. तिथं जमिनीखाली कोणता तरी धातू आहे असं कोणत्या तरी कंपनीला समजलं. खोल भोकं पाडून पाहायचं होतं. ग्रामसभा बोलावली. दारातच रजिस्टर ठेवलं होतं, येणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. आम्ही सगळ्यांनी दिला. आत एक साहेब हिंदीत म्हणाला, "सिर्फ जाँच है बाबा, आपके तालाब को कुछ नहीं होगा."

पाणकर पुढंच बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग धोतर झटकलं, उठला आणि निघून गेला. त्याच्या मागं मी उठलो. माझ्या मागं सगळं गाव उठलं. बाया उठल्या, म्हातारे उठले. मंडपात चार-पाच जण उरले, त्यात सरपंच आणि त्याचे सोयरे. आम्ही पाळीवर जाऊन मोठ्या ऐटीत तंबाखू मळली. गावानं नाही म्हटलं होतं. आता साहेब येईल, घरोघर बसेल, विचारेल, असंच आम्हाला वाटत होतं.

घरी बायकोनं विचारलं, "अजी, सगळेच उठून आले?"

"सगळेच."

"मंग खुर्च्यायवर कोण हाय?"

मी तिला गप्प बस म्हटलं.

महिनाभरात मशीन आली. तिच्या भोकातून शेंबडासारखा पांढरा चिखल निघायचा, तो त्यांनी नाल्यात सोडला. नाला तलावात येतो. कडेच्या पाण्यावर तेलाची साय धरली. मासे उलटे झाले. म्हशी पाण्याला तोंड लावून फुरफुर करत माघारी फिरायच्या. मी तो चिखल हातात घेऊन हुंगला होता. तो वास अजून नाकातून जात नाही.

पाणकर आणि मी तहसीलला गेलो. बाबूनं ठराव काढून दाखवला. मी अक्षर लावून लावून वाचलं. वर आमच्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे, खाली 'सर्वानुमते मंजूर'.

पाणकर म्हणाला, "आमी तं उठून गेलो होतो, साहेब."

"कुठं लिहिलंय?"

"सगळं गाव उठलं ना."

"गेले असाल जेवायला."

बाजूच्या टेबलावरचे हसले. पाणकर हसला नाही. बसस्टँडकडं चालायला लागला. मीच बोललो, आणि ते बोलायला नको होतं. म्हटलं, "तूच पयला उठला, भाऊ. तू बसून नाई म्हटलं असतं तं गाव बसून नाई म्हणालं असतं."

तो म्हणाला, "हो." एवढंच.

गावानंही मग तेच धरलं. ज्यांना त्यानं तीस-तीस वर्षं पाणी दिलं ते त्याच्या तोंडावर म्हणायला लागले, यानंच तलाव विकला. सरपंचाला बोलायची हिंमत एकाची नव्हती. माणसांची किळस येते म्हणतात ती मला तेव्हा कळली. स्वतःचीही आली, कारण सुरुवात मी केली होती.

त्याच उन्हाळ्यात माझी बायको वारली. ताप होता. गोंदियाला नेली, परत आणली ती तशीच. पाण्यानं गेली असं मी म्हणणार नाही, डॉक्टरनं तसं सांगितलं नाही. पण कंपनीवर मोर्चा निघायचा होता आणि गावातल्या चार हुशार लोकांनी तिचा फोटो मागितला. कंपनीच्या पाण्यानं मेली असं खाली लिहायचं होतं. मी ओट्यावर बसलो होतो. मला काही सुचत नव्हतं, मी दिलाही असता.

पाणकर दारात आडवा उभा राहिला. "फोटो भेटणार नाई."

"आपल्याच कामाचं हाय, भाऊ."

"तिले इचारलं काय? खोटं एक लिहाल तं आपलं खरं कोन वाचन? पानी खराब हाय ते पान्यातच दिसते. बाई कायले पायजे?"

ते गेले. तो माझ्याजवळ बसला. भात त्यानंच शिजवला, करपवलाही त्यानंच.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरायला लागला. पुन्हा ग्रामसभा मागायची म्हणून सह्या घेतल्या. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांच्याही पडवीत जाऊन बसला. प्रत्येकाला एकच शिकवायचा, "या डाव उठायचं नाई. पोट दुखलं तरी बस. घराले आग लागली तरी बस. तोंडानं नाई म्हन, आन् ते लिहून होईपर्यंत हालू नोको."

एक म्हातारी म्हणाली, "आन् मुतायले?"

"घरून करून ये, मावशे."

सभा सकाळी सुरू झाली. आधी साहेबाला उशीर, मग माईक बिघडला, मग सरपंचानं जेवणाची सुट्टी काढली. कोणी हललं नाही. जेवण शिजलेलं होतं, आलुवांग्याचा वास येत होता. ऊन चढलं. माझं पोट फुगून ढोल झालं होतं आणि माझ्या शेजारचा धोतरातच मोकळा झाला, पण उठला नाही. आम्ही एकेक करून नाव सांगितलं आणि नाही म्हटलं. सचिवाला लिहावं लागलं.

लिहिता लिहिता तो थांबला. "तलावाचं पाणी शेतीला जातं असं लिहायचं तर वाटप कोण करतं तेही लागेल."

सगळ्यांनी पाणकराकडं बोट दाखवलं.

"यांना कोणी नेमलं? आदेश आहे?"

आदेश कुठून असणार. बापाच्या बापाला कोणी आदेश दिला होता? सचिव म्हणाला, "मग अडचण आहे. खाजगी माणूस वाटतो म्हटलं तर वरून प्रश्न येईल. वाटप ग्रामपंचायतीचं दाखवलं तर ठराव पक्का होतो."

माझ्या ओठावर आलं होतं की आता उठ, भाऊ. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ठेवले होते.

"लिहा पंचायतीचं," तो म्हणाला.

लिहून झालं, शिक्का बसला, लोक पळाले झुडपांकडे. पाणकर तिथंच बसून. मला म्हणाला, "वाच."

मी वाचलं. ड्रिलिंगला परवानगी नामंजूर. तलावाचे पाणीवाटप ग्रामपंचायतीकडे.

"पयली ओळ डबल वाच."

मी तीनदा वाचली. मग त्याला काखेत धरून उठवलं. इतका वेळ बसून त्याचे पाय बधिर झाले होते.

पावसाच्या आधी मशीन गेली. आमच्यामुळं गेली की खाली काही सापडलं नाही म्हणून, ते कोणी सांगितलं नाही. सरपंचानं मात्र स्वतःचा फोटो लावून बॅनर लावला, 'जलरक्षक'. कोणालाच काही वाटलं नाही. त्या बॅनरखाली उभं राहून लोकांनी पेढे खाल्ले. मीही एक खाल्ला.

पाणकर पुढं दोन रोवणे जगला. पाटावर यायचा नाही. बोलावलं तर म्हणायचा, "माहं काय काम? पंचायतीचं हाय." तो गेला त्याला आता काही वर्षं झाली.

तुडुमाला पंचायतीनं लोखंडी झाकण केलं आहे आणि कुलूप लावलं आहे. किल्ली कार्यालयात असते. रोवण्याच्या दिवसांत धानाच्या रोपांचे परहे पिवळे पडायला लागले की आम्ही म्हातारे सकाळीच छत्र्या घेऊन कार्यालयाच्या बंद दारापुढं उभे राहतो. सचिव गोंदियाहून येतो. बस चुकली तर येत नाही.