दारातली वाटी

अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या टोकाला, जिथे रस्ता वाळवंटात एकदम संपतो, तिथे आमचं घर बांधून होत होतं. ते बघायला गेलो की एकसारख्या रिकाम्या घरांच्या रांगेत एक मराठी काकू दिसायच्या. जवळच्या जुन्या वस्तीत मुलाकडे आलेल्या. पदर खोचून प्रत्येक दारात पाण्याची पसरट वाटी ठेवत जायच्या. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही त्यांची रीत.

"काकू, इथे अजून कोणी राहत नाही हो," मी एकदा म्हटलं.

"मग काल भरलेलं पाणी गेलं कुठे?" त्यांनी कोरडी वाटी उलटी करून दाखवली.

"उन्हानं उडून जातं."

इतक्यात टायमरवरचे दिवे लागले, एकेका रिकाम्या घरात. पलीकडे उघड्या वाळूत पुढच्या घरांच्या जागा आखणाऱ्या झेंड्या रोवलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघत काकू हळूच म्हणाल्या, "माणसं यायच्या आधीच घरं प्यायला लागलीत गं. तुमच्या वाटणीला काय उरेल?"

मला हसायचं होतं, जमलं नाही.

आम्ही राहायला आलो तोवर काकू परत गेल्या होत्या. आमच्या दारात वाटी होती, कोरडी ठणठणीत. मी ती आत नेली, नळ सोडून भरली आणि पुन्हा दारातच ठेवली.