दिवान नसलेली खोली

शिंदीच्या नव्या चटईचा ओलसर वास आला की गडचिरोलीतली माझी भाड्याची खोली आठवते. खाट नाही, कपाट नाही. दोन चटया, भिंतीशी गोधड्या आणि पत्रकांचे गठ्ठे. घरमालकीण बाईंना त्याचीच धास्ती. "सामानच नाई तुह्यापाशी. उद्या पळून गेली त मी कोणाले धरू? दिवान आण, नाई त खोली सोड." माणसाचा भरवसा लाकडावरून ठरवायचा, ही कुठली रीत, असं मी ठणकावलं खरं, पण एकट्या मुलीला दुसरी खोली कोण देणार होतं? मे महिन्यातल्या एका दुपारी त्या शेवटचं सांगायला आल्या. फरशी गार होती. भांडता भांडता भिंतीला टेकल्या, पाय पसरले आणि चक्क घोरायला लागल्या. उठल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. "माह्या घरी सोफा, पलंग, दोन कपाटं. पाय पसराले जागाच नाई," त्या पुटपुटल्या. मी विचारलं, "मग, सोडू खोली?" "राह्य गुमान. अन् दिवान आणशील त पाहा. मी कुठी निजू?" मग रोज दुपारी त्या निजायला यायच्या, मी बाहेर असले तरी. मोर्च्यात घसा फोडणारी मी आज कुणाच्याही घरात पाय न वाजवता शिरते, ते स्वतःच्याच खोलीत चपला हातात घेऊन शिरताना शिकले.